बिनकॅलरीची गोडी: सुक्रालोज नेमकं कुठे चालतं आणि कुठे फसतं?

शंकासुरी (धागाकर्ती)
विषय साखरेऐवजी वापरायच्या बिनकॅलरीच्या स्वीटनरचा, त्यातही मुख्यतः सुक्रालोजचा. जाहिराती आणि व्हॉट्सॅपवरची पत्रकं दोन्ही बाजूला ठेवून ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहावं, ही विनंती. प्रश्न तीन:

१. शुद्ध पावडर, गोळी, पुडी आणि 'चमच्याला चमचा' वाली भुकटी यांत फरक काय? माप कसं धरायचं?
२. २०० ग्रॅम साखरेच्या केकमध्ये सगळी साखर काढून हे घातलं की केक बसतो, पांढराफटक राहतो आणि दुसऱ्या दिवशी भुसा होतो. असं का? उपाय आहे का?
३. रोज घेतलं तर सुरक्षित मर्यादा किती, तीही पुड्या-गोळ्यांच्या भाषेत? मिलिग्रॅम प्रति किलो वाचून काहीच बोध होत नाही.

तिरकस
गोड बोलणाऱ्या माणसातही शून्य कॅलरी असतात. सुरक्षित मर्यादा: दिवसाला एक. हलके घ्या.

मोजूनमापून
पहिल्या प्रश्नाचं बघतो. सुक्रालोज साखरेच्या साधारण ६०० पट गोड. एक चमचा साखर म्हणजे ४ ग्रॅम. तेवढ्या गोडीला लागतं जेमतेम ७ मिलिग्रॅम. एवढंसं चिमटीत येत नाही की चमच्यात दिसत नाही, म्हणून त्यात भर घालावी लागते. तुम्ही विचारलेले सगळे प्रकार म्हणजे त्या भरीचे प्रकार.

पुडी: वजन साधारण १ ग्रॅम. त्यात सुक्रालोज १२ मिलिग्रॅमच्या आसपास, बाकी डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी). गोडी दोन चमचे साखरेइतकी.
गोळी: भर लॅक्टोजची किंवा विरघळायला मदत करणाऱ्या सोड्यासारख्या क्षाराची. गोडी बहुधा एक चमचा.
चमच्याला चमचा: माल्टोडेक्स्ट्रिन फुलवून हलकं केलेलं. एक कप साखर २०० ग्रॅम भरते, ही भुकटी कपाला २४-२५ ग्रॅम. आकारमान तेवढंच, वजन आठवा हिस्सा.
शुद्ध पावडर: भर नाही. स्वस्त पडते, पण साध्या वजनकाट्यावर मोजता येत नाही.

कुरकुरीत_कडा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वरच्याच प्रतिसादात लपलंय. २०० ग्रॅम काढले आणि २५ ग्रॅम घातले. उरलेले १७५ ग्रॅम गेले कुठे? केक बसणार नाही तर काय!

शंकासुरी
म्हणजे साखर फक्त गोडीसाठी नसते, हे कळलं. पण नेमकं काय काय करते ती?

कुरकुरीत_कडा
बरंच काही. बटर आणि साखर फेटताना साखरेचे टोकेरी कण बटरमध्ये हवेचे बारीक खड्डे पाडतात. बेकिंग पावडरचा वायू नवे बुडबुडे तयार करत नाही, याच खड्ड्यांत शिरून ते फुगवतो. खड्डे नाहीत तर वायू मिळेल त्या वाटेने निघून जातो.

मग ओव्हनमध्ये. साखर पाणी धरून बसते, त्यामुळे मैद्यातला स्टार्च आणि अंड्यातलं प्रथिन उशिरा घट्ट होतं. तेवढा वेळ केकला वर यायला मिळतो. साखर नसली की कवच आणि आतला भाग लवकर आवळतो. केक बुटका राहतो, कधी मध्येच फाटतो. मैद्याचं ग्लुटेनही जास्त ताणलं जातं, कारण त्याच्या वाटचं पाणी अडवणारं कोणी उरत नाही. म्हणून चिवट लागतो.

रंगाचं म्हणाल तर सुक्रालोज भाजून तांबूस होत नाही. आणि दुसऱ्या दिवशीचा भुसा? ओलावा धरून ठेवणारी साखरच नाही, कापल्यापासून तो सुकायलाच लागतो.

चिमूटभर
+१. मरँगचं तर नावच नको. अंड्याच्या पांढऱ्याचा फेस साखरेच्या पाकाने टिकतो. सुक्रालोज घालून फेस येईल, गोडही लागेल आणि अर्ध्या तासात ताटलीत पाणी सुटेल. कॅरॅमलचंही तेच. वितळून तांबूस होणारा पदार्थच नाही तर पाक कशाचा करणार?

तिरकस
एकतारी सोडा, बिनतारी पाक.

मोजूनमापून
:) घरी शुद्ध पावडर वापरायची असेल तर द्रावण करूनच वापरा. कोरडी मोजायच्या भानगडीत पडू नका. कारण सांगतो: ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा (सोनाराकडे असतो तसला) ५० मिलिग्रॅम मोजताना सहज १० मिलिग्रॅम इकडेतिकडे करतो, म्हणजे २० टक्के चूक. त्याच काट्यावर १ ग्रॅम मोजला तर चूक एक टक्का. म्हणून जास्त मोजा आणि पाण्यात पातळ करा.

कृती:
पाणी उकळून गार करा. १ ग्रॅम पावडर मोजून थोड्या पाण्यात हलवा, लगेच विरघळते (१०० मिली पाण्यात २८ ग्रॅमपर्यंत विरघळते, तेव्हा चिंता नाही). मग एकूण १०० मिली करा. हे एक टक्क्याचं द्रावण. १ मिलीत १० मिलिग्रॅम.

बाटलीवर चिठ्ठी लावा: '१ मिली = दीड चमचा साखर' आणि तारीख.

आता ड्रॉपर. २० थेंबांचा एक मिली हे पुस्तकी माप आहे. बारीक तोंडाच्या ड्रॉपरचे ३० थेंबही लागतात. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये ५ मिलीच्या रेघेपर्यंत थेंब मोजत पाडा आणि पाचने भागा. २० आले तर एक चमचा साखरेला १३ थेंब.

पावडर हळू ओता. ती उडते, आणि नाका-घशात गेली की तासभर थुंकीसुद्धा गोड लागते.

पाकसिद्धी
पुस्ती जोडते. हे द्रावण टिकाऊ नाही. साखरेचा घट्ट पाक टिकतो, कारण त्यात जंतूंना वापरायला मोकळं पाणीच उरत नाही. एक टक्का सुक्रालोज म्हणजे जंतूंच्या दृष्टीने निव्वळ पाणी. फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवड्यांत संपवा. ढगाळ दिसलं किंवा तळाशी तंतू आले तर फेकून द्या. विकतच्या बाटलीत सोडियम बेंझोएट आणि सायट्रिक आम्ल असतं. आम्ल चवीसाठी नसतं, बेंझोएट आंबट द्रावणातच काम करतं म्हणून असतं.

निशाचर
शून्य कॅलरी म्हणून पुडीवर छापतात आणि आत डेक्स्ट्रोज? ही फसवणूक नाही का?

मोजूनमापून
कायद्यात बसवलेली आहे. अमेरिकेच्या नियमात एका वाढणीत ५ कॅलरीपेक्षा कमी असेल तर शून्य लिहिता येतं. पुडीत साधारण साडेतीन कॅलरी. आणि एक वाढणी म्हणजे एक पुडी, मग काय! दोन पुड्यांना काही फरक पडत नाही. पण 'चमच्याला चमचा' भुकटीचा आख्खा कप म्हणजे सुमारे ९६ कॅलरी, आणि जवळजवळ सगळं माल्टोडेक्स्ट्रिन. ते रक्तात ग्लुकोजसारखंच झपाट्याने चढतं. मधुमेहींनी मोठ्या मापात ते पिष्टमय पदार्थ म्हणूनच धरावं.

औषधी
हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. आणखी एक, याहून महत्त्वाचं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला घाम सुटला, हात थरथरायला लागले, साखर ७० च्या खाली गेली, की घाईत हाताला येईल ते गोड पेय दिलं जातं. ते डाएट पेय असेल तर काडीचा उपयोग नाही. जीभ फसते, रक्त फसत नाही. तिथे खरं ग्लुकोज हवं: १५ ग्रॅम, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर परत १५ ग्रॅम. (माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच तोंडाने.) अकार्बोज चालू असेल तर साधी साखरही उशिरा लागू पडते, कारण ते औषध साखर फोडणारं विकरच अडवतं. म्हणून ग्लुकोज पावडर. स्वीटनरचा डबा आणि ग्लुकोजचा डबा एकाच फळीवर शेजारी ठेवू नका, दोन्ही पांढऱ्या भुकट्या.

शंकासुरी
हे अजिबात डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद.

जुनाजाणता
मुळात क्लोरीन घातलेली वस्तू खायचीच कशाला? पोहण्याच्या तलावात घालतात तोच क्लोरीन.

वाचनमात्र
मिठातही क्लोरीन असतो की. मीठ सोडलंत का?

रसायनी
दोघांचाही युक्तिवाद बाद. मिठातला क्लोराइड हा सुटा आयन आहे. सुक्रालोजमधले तीन क्लोरीन अणू कार्बनला सहसंयुज बंधाने जोडलेले आहेत, साखरेच्या रेणूतल्या तीन हायड्रॉक्सिल गटांच्या जागी. तलावातला क्लोरीन तिसराच, तो ऑक्सिडीकारक. तिघांचं आडनाव एक, स्वभाव वेगळे.

सुक्रालोजच्या बाजूने खरा मुद्दा असा की साखर फोडणाऱ्या विकराला हा रेणू ओळखूच येत नाही. खाल्लेल्यातलं साधारण १५ टक्के रक्तात शिरतं आणि बहुतेक तसंच लघवीवाटे जातं. बाकीचं आतड्यातून सरळ बाहेर. म्हणून कॅलरी नाहीत. सांडपाणी प्रक्रियेतूनही ते बरंचसं जसंच्या तसं पार होतं, इतकं की नदीच्या पाण्यात मैलापाणी मिसळलंय का हे शोधायला शास्त्रज्ञ सुक्रालोज मोजतात. शरीराला त्रास न देणारा हट्टीपणा पर्यावरणात मात्र वेगळा प्रश्न होऊन बसतो.

तिरकस
म्हणजे आपण फक्त कुरिअर.

अवांतरे
अवांतर: हे सापडलं कसं तो किस्सा माहीत असेलच. १९७६, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज. लेस्ली हॉ यांच्या प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस साखरेची क्लोरीनयुक्त संयुगं बनवत होते. त्यांना पदार्थ 'टेस्ट' करायला सांगितलं, म्हणजे तपासायला. त्यांनी ऐकलं चाखायला. चाखला, गोड निघाला. इंग्रजीत दोन वेगळे शब्द. मराठीत लिहायला गेलं तर दोन्ही 'टेस्ट'च. मग दोष ऐकणाऱ्याचा कसा?

रसायनी
हा योगायोग एकट्या सुक्रालोजचा नाही. १८७९ मध्ये फालबर्ग यांनी हात नीट न धुता जेवायला घेतलं आणि सॅकरिन सापडलं. १९३७ मध्ये स्वेडा यांची सिगारेट बाकावर टेकवलेली होती, त्यातून सायक्लामेट. १९६५ मध्ये श्लॅटर यांनी कागद उचलायला बोट चाटलं आणि अ‍ॅस्पार्टेम. १९६७ मध्ये क्लाउस यांनीही बोटच चाटलं, अ‍ॅसिसल्फेम-के. प्रयोगशाळेतला स्वच्छतेचा तास बुडवल्याचे फायदे. (आज कुणी करू नका. विषारी पदार्थ चाखून गेलेल्यांचे किस्से सांगायला कुणी उरत नाही.)

निशाचर
अ‍ॅस्पार्टेम कॅन्सरकारक ठरलंय ना? जागतिक आरोग्य संघटनेने बंदी घातली असंही वाचलं.

औषधी
बंदी नाही. दोन वेगळ्या बातम्या एकत्र शिजवल्या गेल्यात.

मे २०२३: संघटनेची मार्गदर्शिका आली. वजन आटोक्यात ठेवायला साखरेतर स्वीटनर वापरू नयेत, अशी शिफारस. तिचा दर्जा 'सशर्त', म्हणजे पुरावा भक्कम नाही हे त्यांनीच मान्य केलंय. आणि आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही.

जुलै २०२३: संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला '२ब' गटात टाकलं, 'कदाचित कर्करोगकारक'. कोरफडीच्या आख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. हा गट सांगतो की पुरावा किती आहे. किती खाल्ल्यावर किती धोका, हे तो सांगत नाही. ते काम अन्नमिश्रकांच्या संयुक्त समितीचं, आणि तिने त्याच दिवशी जुनी मर्यादा कायम ठेवली: रोज, किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम.

जुनाजाणता
मग सॅकरिनच्या डब्यावर कॅन्सरचा इशारा का असायचा? धूर निघाला म्हणजे आग असणारच.

औषधी
अमेरिकेत १९७७ पासून होता, २००० मध्ये काढला. नर उंदरांना प्रचंड मात्रेत सोडियम सॅकरिन दिल्यावर मूत्राशयात गाठी झाल्या होत्या, हे खरं. पण पुढे कारण कळलं: त्या उंदरांच्या लघवीत कॅल्शियम फॉस्फेटचा साका धरतो, तो मूत्राशयाचं अस्तर खरवडतो, आणि ते पुन्हा पुन्हा भरून येताना गाठ होते. माणसाच्या लघवीची घडण वेगळी, तिथे तो साका होत नाही. तेव्हा आग होती, पण उंदराच्या घरात.

जुनाजाणता
बरं. हे पटण्यासारखं आहे. आतड्यातल्या जंतूंचं काय?

औषधी
तो प्रश्न मात्र खरोखर उघडा आहे. २०२२ मध्ये 'सेल' नियतकालिकात १२० निरोगी प्रौढांवरची चाचणी आली. दोन आठवडे, मर्यादेपेक्षा कमी मात्रा. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांच्या ग्लुकोज चाचणीतले आकडे सरासरीने वाढले. अ‍ॅस्पार्टेम आणि स्टीव्हियाने तसं दिसलं नाही. माणसागणिक फरकही मोठा होता. इतर काही चाचण्यांत असा परिणाम दिसलेला नाही. तेव्हा 'काहीच होत नाही' असं छातीठोकपणे म्हणणाराही चूक आणि 'जंतू मरतात' म्हणणाराही. मधुमेहींनी स्वतःच्या ग्लुकोमीटरवर बघावं: एक आठवडा घेऊन, एक आठवडा न घेता, बाकी खाणं तेच ठेवून.

शंकासुरी
आणि तिसरा प्रश्न? पुड्यांच्या भाषेत?

मोजूनमापून
घ्या, ६० किलोचं माणूस धरून:

सुक्रालोज: अमेरिकेची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १२ मिलिग्रॅमच्या २५ पुड्या. युरोपची मर्यादा १५, म्हणजे ७५ पुड्या. मी कमीचीच धरतो.
अ‍ॅस्पार्टेम: किलोमागे ४०, म्हणजे २४०० मिलिग्रॅम. १८ मिलिग्रॅमची गोळी धरली तर १३३ गोळ्या. डाएट पेयाच्या कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असेल तर ८ ते १२ कॅन.

लहान मुलांचं गणित मात्र वेगळं. १५ किलोच्या मुलाला सुक्रालोजची ५ ची मर्यादा म्हणजे ७५ मिलिग्रॅम, सहा पुड्या. पुड्या कुणी मुलाला देत नाही. पण सरबत, दही, च्युइंगगम, खोकल्याचं औषध, सगळ्यांत थोडंथोडं असतं आणि बेरीज कोणीच करत नाही.

वाचनमात्र
२५ च्या वर २६वी घेतली तर?

औषधी
काही नाही. प्राण्यांत जिथपर्यंत काहीच वाईट दिसलं नाही ती मात्रा घेऊन तिला साधारण शंभराने भागतात, ती ही मर्यादा. शिवाय ती आयुष्यभर रोज खाण्याची आहे, एका दिवसाची नाही.

पण दोन ठिकाणी मर्यादेचं गणितच लागू नाही. फिनाइलकीटोन्युरिया (एक जन्मजात आजार) असलेल्यांना अ‍ॅस्पार्टेम वर्ज्य, अगदी बुडबुड्यांच्या व्हिटॅमिन गोळीतलंसुद्धा. अ‍ॅस्पार्टेममधून फिनाइलअ‍ॅलनिन सुटतं आणि त्यांच्या शरीरात ते साठतं. सुक्रालोज किंवा सॅकरिनला ही अडचण नाही. आणि गरोदरपणात सॅकरिन वारेतून पलीकडे जातं, म्हणून ते टाळून दुसरं घ्यावं, डॉक्टरांना विचारून.

प्राणीमित्र_
थोडं विषयांतर, पण कुत्रा असलेल्या घरांसाठी. वेष्टनावर 'झायलिटॉल' लिहिलेलं काहीही कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्शुलिन उसळून येतं आणि साखर धाडकन पडते, मात्रा जास्त असेल तर यकृतही जातं. बिनसाखरेची च्युइंगगम पर्समध्ये उघडी ठेवू नका. खाल्ली असेल तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्य गाठा. सुक्रालोजचा असा परिणाम नाही.

चिमूटभर
चवीबद्दल कोणीच बोललं नाही. सुक्रालोजची गोडी जिभेवर जराशी उशिरा येते आणि मग जायचं नाव घेत नाही. सॅकरिन कडवट, धातूसारखं. अ‍ॅसिसल्फेम पटकन गोड आणि जास्त झालं की कडू. म्हणून पेयांत दोन-तीन एकत्र घालतात: एकाची सुरुवात, दुसऱ्याचा शेवट. सॅकरिन-सायक्लामेटची एकास दहा ही जुनी जोडी तशीच. घरच्या घरी उपाय: गोडीच्या हिशेबाने येतं त्याच्या पाऊणच घ्या, कणभर मीठ घाला, सरबतात लिंबू थोडं वाढवा. शेपूट आखूड होतं.

निशाचर
उकळत्या चहात अ‍ॅस्पार्टेमचं विष होतं म्हणतात ते?

रसायनी
विष नाही, फक्त गोडी कमी होते. अ‍ॅस्पार्टेम हे दोन अमिनो आम्लांची जोडी आणि त्याला चिकटलेला मिथाइल गट. ते सर्वांत टिकाऊ असतं सामू ४.३ च्या आसपास. तिथे साध्या तापमानाला अर्धं व्हायला सुमारे ३०० दिवस लागतात. सामू ७ ला काहीच दिवस. उष्णतेने ते आणखी भराभर तुटतं. म्हणून आंबट पेयाच्या बाटलीत ते महिनोन्महिने टिकतं आणि भट्टीतल्या केकात टिकत नाही. कपात ओतलेल्या चहात गोळी टाकून दहा मिनिटांत प्यायलात तर फरक कळणारही नाही. पातेल्यात टाकून उकळत ठेवू नका एवढंच.

मिथेनॉलचं भूत कोणी काढायच्या आत सांगतो: वजनाच्या १० टक्के सुटतं, म्हणजे १८ मिलिग्रॅमच्या गोळीतून १.८ मिलिग्रॅम. एका ग्लास टोमॅटोच्या रसात त्याहून कितीतरी जास्त असतं.

कुरकुरीत_कडा
मग सुक्रालोज ओव्हनमध्ये? तेही तुटतं असं वाचलंय.

रसायनी
इथे मी सावध आहे. कोरडं शुद्ध सुक्रालोज १२० अंशांच्या थोडं वर गेलं की काळं पडून तुटायला लागतं. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये हेच म्हटलं: १२० च्या वर तापवलं तर क्लोरीनयुक्त घातक संयुगं होऊ शकतात, तेव्हा भाजून-शिजवून झाल्यावर घाला. किती होतात, याची पुरेशी माहिती नाही असंही त्यांनी सांगितलं.

आता ओव्हन १८० वर असला तरी केकचा आतला भाग शंभराच्या वर जात नाही, कारण पाणी आहे. वरचं कवच जातं. पातळ, कुरकुरीत बिस्किट तर आरपार सुकतं आणि तापतं. म्हणून माझं मत: चहा-कॉफी, सरबत, थंड पदार्थ यांना बेलाशक, केकला चालेल, बिस्किट, तळण आणि कोरडं भाजणं यांना नको.

कुरकुरीत_कडा
बिस्किटाचं मान्य. तसंही त्यात साखर नसली की खुसखुशीतपणा येत नाही, दातात लाकूड.

पाकसिद्धी
जॅमवाल्यांसाठी. नेहमीचं पेक्टिन (जॅम आवळणारा फळातला पदार्थ) घट्ट व्हायला आम्ल आणि ५५ टक्क्यांच्या वर साखर लागते. सुक्रालोज घालून कितीही आटवा, फळाचा लगदाच राहील. 'लो मेथॉक्सिल' पेक्टिन आणा, ते साखरेऐवजी कॅल्शियमने आवळतं. काही पाकिटांत कॅल्शियमची पुडी सोबत असते. क्रम चुकवू नका: पेक्टिन कोरडंच गरम लगद्यात टाकलं तर माशाच्या डोळ्यांसारखे गोळे होतात. आधी थोड्या गरम पाण्यात फेटून घ्या. सुक्रालोज गॅस बंद केल्यावर. आणि हा जॅम फ्रिजमध्येच, तीन आठवडे फार झाले. साखरेचं राखण नाही, बुरशी येते.

बर्फी_नव्हे_बर्फ
आइस्क्रीमचंही तसंच दुखणं. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढते म्हणून ते चमच्याने निघतं. ७ मिलिग्रॅमवाल्याने काय ओढलं जाणार? वीट होते. लिटरमागे एक-दोन चमचे खाण्याचं ग्लिसरीन घाला किंवा गोडीचा काही भाग कमी कॅलरीच्या साखरेने, म्हणजे अ‍ॅल्युलोजने द्या. एरिथ्रिटॉल नको, चार दिवसांनी त्याचे खडे दाताखाली येतात.

वाचनमात्र
यीस्टला सुक्रालोज चालतं का?

पाकसिद्धी
खात नाही ते. पण पिठातली माल्टोज त्याला पुरते, फक्त सुरुवात सावकाश होते. ५०० ग्रॅम पिठाला एक चमचा खरी साखर ठेवा. भाजेपर्यंत त्यातली बरीचशी यीस्टनेच खाल्लेली असते.

शंकासुरी
सगळं वाचलं, आता परत माझ्या केकवर येते. बटर, साखर, मैदा प्रत्येकी २०० ग्रॅम, अंडी ४, टिन २० सेंटिमीटरचं. सगळी साखर काढणं जमणार नाही हे उमगलं. मग किती काढू?

कुरकुरीत_कडा
निम्मी. १०० ग्रॅम साखर राहू द्या, बाकी १०० च्या गोडीला साधारण १७० मिलिग्रॅम सुक्रालोज, म्हणजे मोजूनमापून यांच्या द्रावणाचे १७ मिली. द्रावण अंड्यांत मिसळा, बटरमध्ये नको, बटर फुटतं.

बटर आणि १०० ग्रॅम साखर नेहमीपेक्षा जास्त वेळ फेटा, रंग फिका पडेपर्यंत. तरी हवा कमीच धरली जाईल, म्हणून अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळा. मैद्यात पाव कप साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा. भुकटीतलं लॅक्टोज तांबूस रंग देतं, सोडा त्याला हातभार लावतो. सोडा याहून जास्त नको, साबणाची चव येते. ओव्हन १८० ऐवजी १७०. आणि नेहमीच्या वेळेच्या सात-आठ मिनिटं आधीच काडी घालून बघा, लवकर होतो.

शंकासुरी
टिन तेच?

कुरकुरीत_कडा
नाही, १८ सेंटिमीटरचं घ्या. दुधाची भुकटी आणि द्रावण धरूनही ८०० ग्रॅमचं मिश्रण ७५० च्या आसपास आलंय. त्याच टिनमध्ये ओतलंत तर पुन्हा इथे येऊन 'केक बसला' म्हणाल. गार झाल्यावर लगेच झाकून ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

जुनाजाणता
एवढा खटाटोप करण्यापेक्षा पूर्ण साखरेचा करून अर्धा तुकडा खाल्ला तर?

औषधी
तेच बरं पडेल. निम्मी साखर काढून कॅलरी तशाही फारशा वाचत नाहीत. १०० ग्रॅम साखर वाचली म्हणजे ४०० कॅलरी, १० तुकडे केले तर तुकड्यामागे ४०. बटर तर तसंच आहे, २०० ग्रॅम! दिवसाला तीन-चार कप गोड चहा-कॉफी होत असेल तर आधी तिथली साखर बदला. तिथे हवा धरायची नाही, रंग यायचा नाही, नुसती गोडीच हवी असते.

शंकासुरी
म्हणजे १३ थेंब.

मोजूनमापून
तुमच्या ड्रॉपरचे आधी मोजा.